सिस्टीनचा मुतखडा: सोलापूरच्या उन्हात पाण्याचा हिशेब कसा ठेवावा

सोलापुरात मुतखडा म्हटले की पहिला दोष उन्हाला आणि बोअरच्या पाण्याला दिला जातो. परंतु तो शाळकरी वयातच झाला असेल, पुनःपुन्हा होत असेल किंवा सख्ख्या भावंडांनाही झाला असेल, तर संशय एका वाहक प्रथिनावर घ्यावा. एसएलसी३ए१ आणि एसएलसी७ए९ या जनुकांनुसार घडलेले दोन भाग जुळून हे प्रथिन तयार होते आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशीपटलात बसून सिस्टीन, लायसिन, आर्जिनिन व ऑर्निथिन ही अमिनो आम्ले गाळलेल्या द्रवातून पुन्हा पेशीत ओढून घेते. त्यात दोष असला की चारही लघवीत उतरतात. तिघे विरघळून निघून जातात. सिस्टीन मात्र लिटरभर लघवीत साधारण २५० मिलिग्रॅमच विरघळते, आणि उरलेल्याचे षटकोनी स्फटिक होतात.

पडलेला खडा टाकून देऊ नये. लघवी पातळ फडक्यातून गाळून तो मिळवावा, वाळवून स्वच्छ बाटलीत ठेवावा आणि त्याचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे.

सिस्टीन ठरले, की २४ तासांच्या लघवीची तपासणी करावी लागते. सकाळची पहिली लघवी सोडून द्यावी, त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये साठवावी आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची पहिली त्यात मिळवून थांबावे. मधली एक जरी चुकली तरी हिशेब फसतो. समजा, दिवसाला ८०० मिलिग्रॅम सिस्टीन निघाले, तर ८०० भागिले २५०, म्हणजे किमान ३.२ लिटर लघवी व्हायला हवी. येथे बहुतेकांची गफलत होते: हा आकडा पिण्याच्या पाण्याचा नाही. मे महिन्यात यंत्रमागावर उभ्या असलेल्या माणसाचे कितीतरी पाणी घामावाटे जाते, म्हणून पेले मोजण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस मापाच्या भांड्याने लघवीच मोजावी. रात्री ती सर्वांत दाट होते; झोपताना पाणी प्यावे आणि लघवीला जाग आली की पुन्हा पेलाभर घ्यावे. हृदयविकार असेल किंवा मूत्रपिंडाचे काम मंदावले असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाणी वाढवू नये.

मीठ वाढले की लघवीतले सिस्टीनही वाढते. शेंगाचटणी सोडा असे सोलापूरकरांना सांगण्याचे धाडस मी करणार नाही, पण ती कमी मिठाची कुटावी आणि पापड-लोणचे बाजूला ठेवावे. मांसाहार बेताचा असावा. वाढत्या मुलांची प्रथिने मात्र मनाने तोडू नयेत. हुलग्याच्या काढ्याने वाहकातला दोष दुरुस्त होत नाही, त्यातले पाणी तेवढे कामी येते.

लघवीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) ७ ते ७.५ च्या आसपास राहिला तर सिस्टीन अधिक विरघळते. त्यासाठी डॉक्टर बहुधा पोटॅशियम सायट्रेट देतात. खाण्याच्या सोड्यातून सोडियम जाते, म्हणून तो घरच्या घरी सुरू करू नये. एवढ्याने भागले नाही, तर टायोप्रोनिनसारखे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिले जाते.

हा दोष बहुधा आई आणि वडील या दोघांकडून आलेला असतो, त्यामुळे रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते. त्यांच्या पोटात दुखण्याची वाट न पाहता त्यांचीही लघवी तपासून घ्यावी.