जुन्या नोकरीच्या जोरावर यूएक्स डिझाइनमध्ये कसं यावं

यूएक्समध्ये, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइट लोकांना सहज वापरता याव्यात अशा आखायच्या कामात, जायचं ठरलं की लोक आधी क्लासची चौकशी करतात, मग लॅपटॉपची. आठ-दहा वर्षं केलेल्या स्वतःच्या नोकरीचा विचार सगळ्यात शेवटी येतो. नाशिकमधल्या अशा बऱ्याच जणांचे पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचे नमुने) मी पाहत आले आहे. त्यात शिक्षिका होत्या, नर्स होत्या, अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले क्वालिटीवाले होते. जवळपास प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘जुनं सगळं विसर, शून्यापासून सुरू कर.’ हा सल्ला ऐकू नका.

१. फिग्मा हे पडदे (स्क्रीन) आखायचं सॉफ्टवेअर शिका. मोफत खातं पुरतं. फ्रेम (पडद्याची चौकट), ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे आपोआप जुळणारी मांडणी), कॉम्पोनंट (पुन्हा पुन्हा वापरायचा तयार भाग) आणि प्रोटोटाइप (वापरून पाहता येईल असा नमुना) एवढं आलं की पुढे चला.

२. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांचे, एखादी गोष्ट वापरायला सोपी आहे का हे तपासायचे १९९४ चे दहा निकष वाचा आणि रोजच्या वापरातल्या दोन-तीन अ‍ॅपना लावून पाहा. त्यातला एक निकष आहे, चूक होण्याआधीच तिची वाट बंद करणं. कारखान्यात काम केलेल्याला हे नवीन नाही, तिथे त्यालाच पोका-योके म्हणतात. नर्सला औषध देण्याआधी रुग्णाचं नाव पुन्हा तपासायची सवय असते, तीही याच जातीची.

३. पहिली केस स्टडी, म्हणजे एका अडचणीपासून उपायापर्यंतची सविस्तर मांडणी, स्वतःच्या जुन्या कामावर करा.

खरं अवघड काम हेच. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला होता आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. सोपी वाट म्हणून जेवण मागवायच्या एखाद्या प्रसिद्ध अ‍ॅपचे पडदे नव्या रंगात रंगवले जातात. कृपा करून ते करू नका. त्या कंपनीची अडचण तुम्हाला माहीत नसते, आकडे तुमच्या हाती नसतात आणि मुलाखत घेणाऱ्याने तसले पडदे ढिगाने पाहिलेले असतात.

समजा, तुम्ही अंबडच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहात. शिफ्ट बदलताना रजिस्टरमध्ये नोंद होते, तरी कोणत्या मशीनवर काय बिघडलं होतं ते पुढच्या शिफ्टला तोंडी विचारावं लागतं. हा विषय तुमच्याइतका जवळून मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही डिझायनरला माहीत नाही. मात्र ‘मला सगळं माहीत आहे’ म्हणून थेट पडदे काढायला बसू नका. वही घेऊन शिफ्ट बदलायच्या वेळी उभे राहा. कोण कुठलं पान उलटतं, कुठे थांबतं, कुणाला हाक मारतं, तेवढंच लिहा.

मग लोकांशी बोला. ‘असं अ‍ॅप असेल तर वापराल का?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून लोक ‘हो, छान होईल’ म्हणतात आणि त्या होकाराला काहीच किंमत नसते. ‘काल आल्यावर पहिल्यांदा काय शोधलं? कुठे मिळालं? दाखवता का?’ असं विचारा. झालेल्या गोष्टीबद्दल माणूस खरं बोलतो. पाढे चुकणाऱ्या मुलाचं नेमकं कुठे अडतं हे शोधणाऱ्या शिक्षकाला हे कसब आधीच येतं, फक्त तो त्याला संशोधन म्हणत नाही.

यानंतर अडचण एका वाक्यात लिहा. ‘रजिस्टर जुनाट आहे’ ही अडचण नव्हे, ते तुमचं मत झालं. ‘रात्रपाळीच्या ऑपरेटरला बंद मशीनचं कारण कळायला आधीच्या माणसाला फोन करावा लागतो’ ही अडचण. हे वाक्य जमेपर्यंत फिग्मा उघडू नका. याबाबत मी हट्टी आहे, कारण वाक्य ढिलं राहिलं की पुढचे सगळे पडदे नुसती सजावट होतात.

प्रोटोटाइप कागदावरचा असला तरी पाच जणांना वापरायला द्या. नील्सन आणि लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. तो सरासरीचा अंदाज आहे, म्हणून दुरुस्त्या करून पुन्हा पाच जणांना दाखवा. माणूस अडला की मदत करायचा मोह होतो, गप्प बसा. बटणांवरचा मजकूर मराठीतच ठेवा. ओळींतलं अंतर कमी पडलं तर वेलांट्या आणि उकार कापले जातात, हे इंग्रजी मजकुरावर कधी कळत नाही. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा.

लिहिताना टाकून दिलेले पर्याय आणि ते का टाकले, हे दाखवा. मुलाखतीत प्रश्न त्यावरच येतात. कंपनीची खरी कागदपत्रं, ग्राहकांची नावं, रुग्णांची माहिती किंवा मशीनचे फोटो परवानगीशिवाय पोर्टफोलिओत अजिबात घालू नका. आकडे खोटे भरण्यापेक्षा ‘हे मोजलं नाही’ असं लिहिलेलं केव्हाही बरं.

४. रेझ्युमेतल्या जुन्या पदांखाली आता याच नजरेने दोन-दोन ओळी लिहा: कुणाचं काय अडत होतं, तुम्ही काय बदललं.

५. अर्ज आधी स्वतःच्या क्षेत्राचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांकडे करा. हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्यांना वॉर्ड पाहिलेला माणूस हवा असतो, शेतमालाच्या अ‍ॅपवाल्यांना लासलगाव-पिंपळगावचा लिलाव कळणारा. मुंबईच्या मुलाखतीला पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं, त्यामुळे त्यासाठी घर हलवायची घाई नको. आणि हातातली नोकरी ऑफर लेटर मिळाल्याशिवाय सोडू नका. हप्त्यांची चिंता डोक्यावर असली की माणूस मिळेल ते काम पत्करतो आणि वर्षभर बॅनर करत बसतो.