मिसफायर: कॉइल बदलण्याआधी अदलाबदल करून बघा

पावसाळ्यात गोव्यातली पेट्रोल गाडी आयडलवर (उभी असताना, इंजिन चालू) थरथरते, चढणीवर धक्के देते, मिसफायर होतो (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), तेव्हा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) साफ करून घेण्याची घाई नको. दमट हवेत पहिला संशय ठिणगी पाडणाऱ्या प्लगवर आणि त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर. स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावा: पी०३०२ कोड म्हणजे मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये, पी०३०३ म्हणजे तिसऱ्यात. समजा पी०३०२ आला. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद व थंड करून दोन आणि तीनच्या कॉइलची अदलाबदल करा, कोड पुसा, चक्कर मारा. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेली. (चालू इंजिनवर कॉइल उपटून बघणं हा गॅरेजातला आवडता उद्योग; सणसणीत शॉक बसतो.)

कोड दोनवरच राहिला तर प्लग काढा. चिनी मातीवर बारीक काळी रेघ दिसली की ठिणगी बाहेरून पळतेय. प्लगसोबत कॉइलचं रबरी बूटही (प्लगवर बसणारी रबरी नळी) बदला. प्लगच्या खळग्यात ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) सील बघा, नाहीतर नवं बूटही खराब होईल. प्लग ठीक असेल तर पुढे इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापवून निकामी करतं, आणि तो प्लगच्या कैकपट महाग.