खुब्याचे स्नायू आखडलेत? आधी भिंत आणि टेनिस बॉल

खुबा दुखतोय म्हणणारे सगळे एकाच जागी बोट ठेवत नाहीत, म्हणून मसाजच्या आधी तुमचं बोट नेमकं कुठे जातंय ते बघा. मागे कुल्ल्याच्या मधोमध खोलवर कळ येत असेल तर बहुतेक पिरिफॉर्मिस (कुल्ल्यात खोलवर असलेला छोटा स्नायू), बाजूला कमरेच्या हाडाच्या जरा खाली दुखत असेल तर ग्लूट मीडियस (कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू), आणि खूप वेळ बसून उठताना पुढून ओढल्यासारखं होत असेल तर हिप फ्लेक्सर, म्हणजे मांडी वर उचलणारे पुढचे स्नायू, आखडलेत. जांघेत अगदी आत दुखतंय आणि पाय आत वळवला की वाढतंय, असं असेल तर ते सांध्याचं असू शकतं, तिथे मसाज करत बसू नका, सरळ दाखवून घ्या.

मसाज गन असेल तर ठीक, पण तिच्यावाचून काही अडत नाही, टेनिस बॉल पुरतो. जमिनीवर बॉल ठेवून त्यावर बसा असं सगळे सांगतात, पण त्यात अख्खं वजन एकदम त्या जागेवर येतं आणि आधीच दुखरा असलेला स्नायू सैल पडायच्या ऐवजी अजून आवळून घेतो, म्हणून पहिले काही दिवस भिंतच बरी. भिंतीला अर्धवट पाठ करून उभं राहायचं, दुखऱ्या बाजूचा कुल्ला आणि भिंत यांच्यामध्ये बॉल धरायचा, पाय वीतभर पुढे, आणि गुडघे थोडे वाकवत हळूहळू वर-खाली व्हायचं. मध्येच एक जागा अशी येते की तोंडातून आपोआप "हां, हेच ते" निघतं. तिथे रगडायचं नाही, थांबायचं. 30 ते 60 सेकंद नुसता दाब आणि लांब श्वास. दाब किती, तर दुखणं 10 पैकी 5-6 च्या वर जायला नको, श्वास रोखला गेला किंवा दातओठ खावे लागले तर जास्त होतंय. जरा वेळाने तेवढ्याच दाबाला कमी दुखायला लागतं, मग बॉल थोडा सरकवा. एका बाजूला 5 मिनिटं बास, जास्त केलं म्हणून जास्त फायदा होत नाही, उलट दुसऱ्या दिवशी बसवत नाही.

बाजूला हाताला जे टणक हाड लागतं त्याच्यावर बॉल नको, तिथे बर्सा नावाची पातळ पिशवी असते आणि ती सुजलेली असली तर दाबून अजून ठणकते. पिरिफॉर्मिसला लागूनच सायटिक नस जाते, त्यामुळे पायात मुंग्या किंवा करंट गेल्यासारखं झालं की लगेच जागा बदला. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर असा खोल मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पुढच्या हिप फ्लेक्सरला तर बॉल लावूच नका, एक गुडघा जमिनीला टेकून दुसरा पाय पुढे घ्या, टेकलेल्या बाजूचा कुल्ला आवळा आणि अर्धा मिनिट तसंच राहा.

मसाजच्या आधी 15 मिनिटं शेक घेतला तर काम सोपं होतं, पण नुकताच झटका बसलाय, सूज आहे, तर पहिले दोन दिवस बर्फ, तोही कापडात गुंडाळून, आणि मसाज नकोच.

आता खरं सांगायचं तर मसाजने बऱ्याचदा थोडाच वेळ बरं वाटतं, कारण स्नायू कमजोर असला तर तो परत आखडतोच. म्हणून कळ जरा बसली की ब्रिज सुरू करा. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, कंबर उचलायची, 5 सेकंद धरायची, 10 वेळा, एक दिवसाआड. कंबरेतच ताण येत असेल तर पाय कुल्ल्याच्या जवळ घ्या आणि कमी उचला.

बाकी पायावर पाय टाकून बसणं, एकाच पायावर भार देऊन उभं राहणं, मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून बसणं हे बंद. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचंच. झोपताना दुखरी बाजू वर आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, नाहीतर वरचा पाय खाली घसरतो आणि रात्रभर तोच स्नायू ताणला जातो.

पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, ताप असेल, पाय लुळा पडत असेल, किंवा जांघेच्या आसपास बधिर होऊन लघवी-संडासवरचा ताबा जात असेल तर घरचे उपाय नाहीत, त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि नुसतंच दुखतंय पण 3-4 आठवडे हे सगळं करूनही फरक नाही, तर फिजिओथेरपिस्टला चालून दाखवा.