लहान आतड्यातली गाठ इमर्जन्सीत समोर येते तेव्हा

सर्जरीच्या पहिल्या वर्षी कॅज्युअल्टीत येणारं पोट बहुतेक वेळा अपेंडिक्सचं, अडकलेल्या हर्नियाचं, अल्सर फुटल्याचं किंवा जुन्या ऑपरेशननंतर आतडी चिकटल्याचं असतं. लहान आतड्याची गाठ तुमच्या यादीत नसतेच, आणि त्यात नवल नाही. सहा मीटरच्या आसपास लांबीचा हा अवयव, पण पचनमार्गाच्या कर्करोगांपैकी 5 टक्क्यांहूनही कमी कर्करोग इथे होतात. आतला माल पातळ असल्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत तो अडत नाही. रुग्ण अधूनमधून पोट दुखतं म्हणतो, गॅसची गोळी घेतो, आणि एक दिवस थेट ऑब्स्ट्रक्शन (आतडं तुंबणं), परफोरेशन (आतड्याला भोक पडणं) किंवा रक्तस्राव घेऊन येतो.

नव्या रजिस्ट्रारना मी एकच सांगत आलो आहे: निदान टेबलावर आणि त्यानंतर होणार आहे, तेव्हा त्या रात्री त्याची वाट बंद करू नका.

संशय कुठे घ्यायचा? पोटावर जुना व्रण नाही, हर्नियाच्या जागा मोकळ्या आहेत, तरी लहान आतडं तुंबलंय, तिथे थांबून विचार करा. आपल्याकडे अशा वेळी पहिला शब्द टीबीचा निघतो, आणि तो बरोबरही असतो. इलियममधलं, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागातलं स्ट्रिक्चर (आकुंचन) पुष्कळदा टीबीचंच असतं. पण तपासणीशिवाय एकेटी (टीबीची औषधं) सुरू करून रुग्णाला घरी पाठवलं, की लिम्फोमा किंवा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा कर्करोग निवांत वाढत राहतो. दुसरी खूण रक्ताची. हिमोग्लोबिन वारंवार उतरतं, काळी शी होते, वरून आणि खालून दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, रक्त चढवून घरी. या रुग्णांत जेजुनमची, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाची जिस्ट (आतड्याच्या भिंतीत वाढणारी एक गाठ) निघालेली मी पाहिली आहे. तिसरी खूण सीटीवरची: मोठ्या माणसात आतड्यात आतडं शिरलेलं, टार्गेटसारखी गोल वर्तुळं. लहान मुलांत ते हवेने किंवा सलाइनने सोडवतात. मोठ्यांत बहुतेकदा पुढे ओढणारी गाठ असते, साधा लायपोमा किंवा कर्करोग, म्हणून तिथे रिसेक्शनची (आतड्याचा तो भाग कापून काढण्याची) तयारी ठेवूनच पोट उघडायचं.

पोट उघडल्यावर मात्र घाई नको. सापडलेल्या भोकावर नजर खिळते, हा माणसाचा स्वभाव आहे. डीजे फ्लेक्शरपासून (जेजुनमच्या सुरुवातीपासून) इलिओसीकल जंक्शनपर्यंत (मोठ्या आतड्याच्या जोडापर्यंत) आतडं बोटांच्या चिमटीतून पूर्ण सरकवा. न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या) गाठी इलियममध्ये वाटाण्याएवढ्या आणि एकाहून जास्त असू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. मेसेंटरी (आतड्याला रक्तवाहिन्या पोचवणारा पडदा) आखडून आतडं दुमडलेलं दिसलं तर त्यांचा विचार कराच. यकृतावर हात फिरवा, पेरिटोनियम (पोटाचं आतलं अस्तर) पाहा, आणि जे दिसलं ते नोटमध्ये लिहा.

जिस्ट वाटली तर हात हलका ठेवा. ही गाठ मऊ, ठिसूळ असते; पोटात फुटली तर आजार परतण्याचा धोका खूप वाढतो. टेबलावर तिचा तुकडा काढायचा मोह टाळा, अख्खी काढा. तिला सहसा लिम्फ नोड काढावे लागत नाहीत. अ‍ॅडेनोकार्सिनोमाला मात्र मेसेंटरीचा पाचर नोडसकट लागतो. रात्री दोनला यातलं काय आहे हे नक्की कळत नाही, म्हणून रुग्ण झेपवत असेल तर मी मेसेंटरीसकट काढण्याच्या बाजूने असतो. शॉकमध्ये असेल तर रिसेक्शन करून स्टोमा काढा, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणा. जोडणी नंतर होते. परफोरेशन टायफॉइडचं वाटून नुसतं शिवलं, तरी कडेची बायॉप्सी घेतल्याशिवाय शिवू नका.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: स्पेसिमेन. पुष्कळ सरकारी रुग्णालयांत बरणी नातेवाइकांच्या हातात जाते. फॉर्मॅलिन भरपूर घाला, तुकडा पूर्ण बुडायला हवा, एका टोकाला धागा बांधून ते कुठलं टोक ते लिहा. फॉर्मवर ‘परफोरेशन’ एवढंच लिहिलं तर पॅथॉलॉजिस्टला तेवढंच कळतं. वय, लक्षणं, जागा, गाठीचं माप, मनातली शंका, सगळं लिहा. सीडी117, डॉग1 यांसारखे जिस्ट ओळखणारे मार्कर करायचे की नाहीत हे त्यावरही ठरतं. जिस्टचं निदान पक्कं झालं तर पुढची वाट बदलते. अमेरिकेत 2002 साली इमॅटिनिब या गोळीला जिस्टसाठी मान्यता मिळाली, आणि आज जास्त धोक्याच्या रुग्णाला ऑपरेशननंतर ते तीन वर्षं देतात. 2013 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एका रूपाला पेटंट नाकारलं. जेनेरिक गोळ्या इथे मिळतात, तेव्हा ‘परवडणार नाही’ हे आपणच आधी ठरवू नये.

नातेवाइकांशी त्याच रात्री बोला. ‘काका, आतड्यात गाठ होती, ती काढली. कसली ते तपासणीत कळेल, त्यासाठी परत यावंच लागेल,’ एवढं पुरतं. डिस्चार्ज कार्डावर ‘एचपीई रिपोर्ट (गाठीच्या तपासणीचा अहवाल) बाकी’ असं ठळक लिहा, घरातल्या दोघांचे फोन नंबर घ्या. टाके काढायला आलेला रुग्ण बरा दिसतो आणि पुन्हा फिरकत नाही, म्हणून युनिटच्या वहीत बाकी रिपोर्टांचं एक पान ठेवा आणि दर सोमवारी पॅथॉलॉजीत स्वतः जाऊन विचारा.