कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारा आतला भाग) पुसायला बसण्याआधी

सगळ्यात आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. "अजून दोन कांड्या आहेत, पुरेल" असं म्हणू नका.

मागच्या वेळी माझ्यापाशी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मापाचे स्वॅब (पुसायच्या सपाट काड्या), सफाईचा द्रव, दिवा सगळं होतं, फक्त बॅटरी अर्धवट होती. डीएसएलआरमध्ये, म्हणजे सेन्सरपुढे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, सफाईच्या वेळी आरसा वर आणि शटर उघडं राहतं ते बॅटरीच्या जोरावर. मध्येच बीप वाजला. एवढी कड पुसून घेऊ म्हटलं, तेवढ्यात आरसा खाली आला आणि शटरची पाती स्वॅबवर मिटून वाकली. अख्खं शटर बदलावं लागलं. बीप वाजला की हात बाहेर, कड राहिली तर राहू दे.

मग डाग नक्की सेन्सरवरच आहे ना, ते बघा. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) दिसतो पण फोटोत नाही, तर सेन्सरला हातच लावू नका. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा: एफ/१६ किंवा एफ/२२ (लेन्सचं छिद्र लहान), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, फोकस मुद्दाम बिघडवलेला. धूळ सेन्सरच्या पुढच्या काचेवर बसते, म्हणून एफ/२.८ला, म्हणजे छिद्र मोठं असताना, ती विरघळून जाते आणि छिद्र लहान केलं की ठसठशीत दिसते. फोटोत वर डावीकडे डाग असेल तर समोरून पाहताना सेन्सरवर तो खाली डावीकडे असतो. मी आधी उलट्याच कोपऱ्यात शोधत बसायचो.

खोलीतला पंखा बंद. हात धुतलेले. सफाईसाठी मेनूतला सफाईचाच पर्याय वापरा, बल्ब मोड (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडं ठेवणारा) अजिबात नाही, बटणावरचं बोट सुटलं की शटर मिटतं. मिररलेसमध्ये आरसा नसला तरी काही मॉडेलांत कॅमेरा बंद केला की शटर मिटतं, तेव्हा मॅन्युअल वाचा. आणि बॅटरी? बघितली ना? परत बघा.

आधी ब्लोअर, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण उडतात. दाबलेल्या हवेचा कॅन तर नकोच, त्यातला द्रव काचेवर बसतो. ब्लोअरचं टोक आत घालू नका.

नाहीच निघाला तर स्वॅब. फुल फ्रेमला (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला) २४ मिमी रुंदीचा. द्रवाचे एक-दोन थेंब, ओथंबलेला नको. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदा, स्वॅबच्या दुसऱ्या बाजूने परत, मग तो स्वॅब टाकून द्या.

लेन्स लावा, भिंतीचा फोटो पुन्हा काढा. डाग राहिला तर नवा स्वॅब, पण त्याआधी बॅटरी.