घरपट्टीत सवलत हवीय? मग या चुका टाळा

‘पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घराला घरपट्टी माफ’ हा मेसेज सांगली-साताऱ्यातल्या ग्रुपांवर अधूनमधून फिरतच असतो. माफी खरी आहे, 2022 पासून आहे, पण मुंबईची, सांगली-साताऱ्याची नाही. स्वतः राहणाऱ्याला मिळणारी 40 टक्के सवलतही पुण्याची. त्या भरवशावर बिल फळीवर टाकून दिलं, तर सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. 3,000 रुपये थकले की वर्षाला 720 रुपये वर. आणि पिवळं रेशनकार्ड जोडलं की घरपट्टी आपोआप माफ, असाही सरसकट नियम नाही.

म्हणून सवलत शोधण्याआधी बिल वाचा. हातावर पोट असलेल्या घरांचे पैसे माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच जातात. करांच्या रकान्यात ‘रोजगार हमी कर’ दिसतोय का बघा. हा कर राहत्या घराला लागत नाही. तो लागलाय म्हणजे घराची, निदान एखाद्या खोलीची, नोंद बिगरनिवासी आहे. वडिलांनी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकलेली असते. गिरणी कधीच विकली, दप्तरात मात्र ती अजून चालूच! शिक्षण करही मग चढ्या दरानं बसतो. भाडेकरू सोडून गेला तरी नोंद भाड्याचीच, कृष्णेच्या पुरात मागची खोली पडली तरी क्षेत्रफळ जुनंच, हे प्रकारही त्यातलेच.

हे वसुलीला आलेल्या माणसाला दारात सांगून उपयोग नाही. तो ‘बघतो’ म्हणेल, पण आकारणी बदलणं त्याच्या हातात नसतं. कर विभागाच्या नावे लेखी अर्ज द्या, खोलीचे फोटो आणि घरगुती दराचं वीजबिल जोडा, जागेची पाहणी करून नोंद दुरुस्त करा असं स्पष्ट मागा. आवक शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज दिला म्हणून बिल भरायचं थांबवलंत तर शास्ती थांबत नाही, हेही लक्षात ठेवा.

सातारा, कराड, वाईसारख्या नगरपालिकांत दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. तेव्हा येणाऱ्या नोटिशीवर हरकतीची मुदत छापलेली असते. ती चुकली की वाढीव आकडा पुढची फेरी येईपर्यंत बोकांडी बसतो.

साताऱ्यात घरटी फौजी म्हटलं तरी चालेल, तरीही माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी 2020 पासून असलेली करमाफी अनेकजण मागतच नाहीत. ती एकाच घराला मिळते आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. घर अजून सासऱ्यांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर अर्ज अडकणारच. आधी वारसनोंद करून घ्या.

गावाकडे हिशेब सोपा. ग्रामपंचायतीची पट्टी 30 सप्टेंबरच्या आत भरली तर 5 टक्के सूट मिळते. नोंद तपासायला नमुना 8 चा, म्हणजे घराच्या कर आकारणीचा, उतारा मागा.

थकबाकी डोईजड झाली असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस फेकून देऊ नका. तिथे शास्तीत तडजोड होऊ शकते, आणि वकील लावायची गरज पडत नाही.