सूर्यकांतला एल्फ काय म्हणतील?

इंग्रज लेखक टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या जगात चाहते स्वतःच्या कथा लिहितात. तशा कथेत परळच्या चाळीतला सूर्यकांत एल्फांच्या, म्हणजे तिथल्या अमर लोकांच्या दरबारात पोचला, की दुसऱ्याच प्रकरणात त्याला तिथल्या भाषेतलं नाव लागतं. तेव्हा बहुतेक जण नेटवरचं नावं बनवून देणारं यंत्र उघडतात. ते बंद करा. ते एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर टाकतं, अर्थाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. एल्फांच्या तेंग्वार लिपीत ‘सूर्यकांत’ लिहून घेणं हेही नुसतं लिप्यंतर. देवनागरीत ‘रॉबर्ट’ लिहिला म्हणून तो मराठी होतो का?

भाषा एकच धरा. इथे टोल्किनने एल्फांसाठी रचलेली क्वेन्या घेतली आहे, कारण तिचा शब्दसाठा बऱ्यापैकी मोठा आहे. शब्द एल्डामो या ऑनलाइन कोशात शोधा. टोल्किन आयुष्यभर या भाषा बदलत राहिला, त्यामुळे प्रत्येक शब्दाचा काळ बघा. १९५० नंतरचे आधी घ्या, १९३० पूर्वीचे टाळा. चाहत्यांनी घडवलेल्या शब्दांवर तिथे वेगळी खूण असते. ते अगदीच नाइलाज झाला तर.

विग्रह केल्याशिवाय कोश उघडू नका

सगळी गोची इथे होते. आपली बरीचशी नावं सामासिक. शाळेत समासाचा विग्रह करून गुण मिळवले आणि विसरलो. नाव फोडून दोन्ही तुकड्यांचे अर्थ कोशातून आणले आणि जोडले, की काम झालं असं वाटतं. पण दोन तुकड्यांमधलं नातं कोशात मिळत नाही, ते आपल्याला ठरवावं लागतं.

सूर्यकांतच घ्या. क्वेन्यात सूर्य म्हणजे अनार (दिवाळीतला अनार डोळ्यांपुढे आला तर येऊ द्या). प्रेम दाखवणारा प्रत्यय आहे -न्दिल. जोडताना र्-पुढचा न् गळतो आणि अनार्दिल हे सुरेख नाव तयार होतं. सुरेख आणि चूक. -न्दिल म्हणजे प्रेम करणारा, म्हणून अनार्दिल हा सूर्यावर प्रेम करणारा. सूर्यकांत म्हणजे सूर्याला प्रिय असलेला. प्रेमाची दिशाच उलटली. अनार्दिल चालेल तो रविदासाला. सूर्यकांतला ‘प्रिय’ या अर्थाचा शब्द हवा, तो मेल्दा: अनारमेल्दा. शिवाय मूळ कथाविश्वात गोंडोर राज्याचा अनार्दिल नावाचा राजा आधीच आहे. तयार झालेलं प्रत्येक नाव तिथल्या नामसूचीत शोधून बघा, नाहीतर वाचक तुमच्या परळकराला गोंडोरच्या गादीवर बसवतील.

घनश्यामचा घोळ वेगळा. घनासारखा श्याम, म्हणजे रंग ढगाचा पण ढग तो नव्हे. ‘काळा ढग’ असं भाषांतर केलंत तर माणूस गेला, ढग उरला. त्यात कोशात ‘ढग’ शोधला की पहिल्यांदा फान्या भेटतो, आणि फान्या म्हणजे पांढरा ढग! जूनमध्ये वरळीच्या समुद्रावर ओथंबून येतो त्याला लुम्बो म्हणायचं. लुम्बो आणि मोर्ना, म्हणजे काळा: लुम्बोमोर्ना. उपमान आधी, गुण नंतर, संस्कृतसारखंच. चार अक्षरांच्या उच्चारापलीकडे मात्र नाव नेऊ नका.

सगळ्यात जास्त फसवतात ते बहुव्रीही. नीलकंठ म्हणजे निळा गळा नव्हे, ज्याचा गळा निळा आहे तो. ‘निळा’ आणि ‘गळा’ नुसते चिकटवलेत तर एका अवयवाचं नाव होईल. इथे टोल्किनचाच नमुना समोर ठेवा: अंगमाइते. अंगा म्हणजे लोखंड, मा म्हणजे हात आणि शेवटचा -इते प्रत्यय ‘असा हात असलेला’ हा अर्थ आणतो. आपल्या भाषेत लोहपाणी. चक्रपाणी किंवा नीलकंठ करताना हा किंवा असाच ‘असलेला’ सांगणारा प्रत्यय पाहिजेच.

सिंदारिन, म्हणजे टोल्किनच्या एल्फांची दुसरी भाषा, निवडलीत तर सांध्याचे नियम आधी पाठ करा. टोल्किनने स्वतः त्याच्या कथेतल्या सॅमवाइजचं नाव भाषांतरित केलं होतं. मुळात त्याचा अर्थ ‘अर्धशहाणा’. पेर म्हणजे अर्धा, साएल म्हणजे शहाणा, पण जोडताना स-चा ह झाला आणि नाव बनलं पेर्हाएल. आपल्या संधीचाच प्रकार. तो न करता नुसतं ‘पेरसाएल’ लिहिलंत तर जाणकार वाचक पहिल्या पानावरच पुस्तक मिटेल.

उरलेलं

गण्या, बबडी अशा लाडाच्या नावांचा अर्थ शोधत बसू नका, आवाज बदला. क्वेन्यात शब्दाच्या सुरुवातीला ब, द, ग येत नाहीत. जुन्या ब-चा व झाला, द-चा ल झाला, ग गळाला. ट-वर्ग नाही, ख-घ-छ-झ नाहीत, प्र-श्र सारखी सुरुवात नाही, आणि शेवट स्वराने किंवा न, र, स, ल, त यांपैकी एकाने. म्हणून गण्याचा अन्या, बबडीची ववरी.

धोंडो, दगडू, भिकू ही नावं मूल जगावं, दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. दगडाला क्वेन्यात ओन्दो म्हणतात. धोंडोचा ओन्दो, अर्थ आणि आवाज दोन्ही जवळजवळ जागच्या जागी! पण एल्फांच्या कानाला दगड भारदस्त वाटतो, त्यात नवसाचं कळकट प्रेम येत नाही. ते एखाद्या संवादातून सांगा, नावावर लादू नका.

आडनाव टाकून द्या. वडिलांचं नाव आपल्याकडे मधे असतंच, त्यालाच मुलासाठी -इओन, मुलीसाठी -इएल लावा. वडील रवी असतील तर मुलगा अनारिओन होतो, पण तो मूळ कथेतल्या इसिल्दुर राजाचा भाऊ, म्हणून वडिलांसाठी दुसरा शब्द काढा.

शेवटी नाव मराठी वाक्यात घालून मोठ्याने म्हणा: अनारमेल्दाला, अनारमेल्दाने, अनारमेल्दाचा. सामान्यरूप करून ‘अनारमेल्द्याला’ लिहू नका, निवेदनात नाव जसंच्या तसं ठेवा. शेवटच्या आ-मुळे कुणाला ती बाई वाटेल, तर पहिल्याच वाक्यात ‘तो’ येऊ द्या. संवादाचं मात्र निराळं. परळहून सोबत आलेला मित्र एवढी लांबलचक हाक दुसऱ्या दिवशी मारणार नाही. त्याच्या तोंडी सरळ लिहा: “ए मेल्द्या, चल ना लवकर!”